तिसरी त्रुटी

अकोल्याहून दर्यापूरला निघालेली जीप ठासून भरली होती. खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि ज्योत्स्नाच्या मांडीवरच्या गठ्ठ्यातली चार-पाच पत्रकं भुर्रकन मागच्या सीटवर गेली.

"अवो मॅडम... सूर्य उडून चालला तुमचा!"

तिनं वळून पाहिलं. सावळा चेहरा, हातात तिची पत्रकं, आणि डोळ्यांत असं काही हसू, की तिला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली. पत्रकावर खरंच मोठा पिवळा सूर्य छापलेला होता. छतावर सौर पॅनल बसवा, आपली वीज आपण तयार करा, उरेल ती कंपनीला द्या! ज्योत्स्ना वीज कंपनीच्या दर्यापूर कार्यालयात अभियंता होती आणि ही योजना ग्राहकांपर्यंत पोचवायचं काम तिच्याकडे होतं.

"वाचायचं असेल तर ठेवा एक," ती म्हणाली.

"वाचलं. आता समजावून सांगा."

"सगळं लिहिलंय त्यात."

"लिहिलं तं हाये... पण कागद बोलत नाई ना."

दर्यापूर येईपर्यंत तीच बोलत होती. उतरून खोलीवर पोचली, तेव्हा लक्षात आलं की आपण त्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

नाव आठवड्याभरात अर्जावरच आलं. धर्मेंद्र शेषराव तायडे. बसस्टँडमागे त्याची अभ्यासिका होती. आजूबाजूच्या खेड्यांतल्या तीस मुली तिथं बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायच्या. उन्हाळ्यात कूलर लावावेत तर बिल झेपत नव्हतं, न लावावेत तर भर दुपारी पत्र्याखाली कुणी टिकत नव्हतं. तेवढ्यासाठी त्याला सौर वीज हवी होती. पुढच्या बाजूला पक्कं छत होतं, पॅनलपुरती जागा होती.

ती जागा बघायला ज्योत्स्ना गेली. मोजपट्टीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यानं.

"इतकं ताणू नका."

"मी कुठं ताणून राहिलो? तुमीच दूर चालल्या..."

तिनं आकडा चुकीचा लिहिला. पुन्हा मोजावं लागलं. दुसऱ्यांदाही चुकला, तेव्हा तो नुसता हसला. ती खाली उतरली ती कान लाल करूनच.

अर्ज चोख होता. एका सहीचं काम होतं. पण सही केली की तो पुन्हा कशाला येणार? ज्योत्स्नानं पेन उचललं, ठेवलं... आणि कळवून टाकलं, त्रुटी आहे, बिलाची प्रत अस्पष्ट.

तो दुसऱ्याच दिवशी आला. टेबलासमोर बसला, चहा प्याला, ती मूळची तेल्हाऱ्याची हे कळल्यावर तिथल्या कुणाची पोर म्हणून चौकशी केली, तिला हसवून गेला. मग दुसरी त्रुटी निघाली, सही जुळत नाही. तो परत आला.

"मॅडम, खरं सांगा. सही खराब हाये का माणूस?"

"दोन्ही तपासावं लागेल," ती म्हणाली, आणि आपल्याच धिटाईनं दचकली.

तिसरी त्रुटी तिनं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढली. घराचा उतारा जुना आहे. तो आणायला त्याला आठ दिवस लागले. तेवढ्यात त्याच गल्लीतल्या किशोर कापडवाल्याचा अर्ज आला. ती रजेवर होती; दुसऱ्या अभियंत्यानं तो मंजूर केला. त्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर जेवढी सौर वीज जोडता येत होती, तेवढी जोडून झाली. आता नवा ट्रान्सफॉर्मर आल्याशिवाय धर्मेंद्रला काही मिळणार नव्हतं. आणि तो यायला वर्ष लागलं असतं.

तिनं त्याला फोनवर सांगितलं, "क्षमता संपली." त्रुटींचं काही सांगायच्या आधीच फोन ठेवून दिला.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला. चंदा नावाची एक हुशार मुलगी दुपारी पुस्तकावरच भोवळ येऊन पडली. घरच्यांनी तिला परत नेलं, मग एकेक करत बाकीच्याही गेल्या. ज्योत्स्नाला हे कळलं तेव्हा ती तशीच उठून बसस्टँडमागे गेली. बाकं छोट्या ट्रकमध्ये चढत होती.

"अमरावतीले नोकरी भेटली," धर्मेंद्र म्हणाला. "क्लासमधे शिकवाची. या ना मॅडम, उभ्या काहून?"

"त्या त्रुटी... खऱ्या नव्हत्या," ती म्हणाली. कार्यालयातली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "तुमचा अर्ज पयल्याच दिवशी बरोबर होता. मीच... तुमी परत यावं म्हणून..."

त्याच्या हातातलं बाक खाली टेकलं. रागावेल, ओरडेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मले वाटलं, मीच कागदात चुकून राहिलो," तो हळूच म्हणाला. "राती बसून तीन-तीनदा तपासाचो... अवो, नुसतं 'या' म्हटलं असतं, तरी मी रोज आलो असतो."

"आता... म्हटलं तर?"

तो हसला नाही. रिकाम्या खोलीकडे पाहत म्हणाला, "मले तुमी आवडल्या होत्या, ज्योत्स्नाबाई. जीपमधेच. आजबी खोटं नाई बोलत. पण तुमच्याकडं पायलं की चंदा दिसते मले... काय करू?"

तिनं बाकाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते ट्रकमध्ये चढवलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. शेवटचं बाक चढल्यावर त्यानं "येतो" म्हटलं आणि ट्रक निघाला.

दुसऱ्या दिवशी ती वेळेआधी कार्यालयात पोचली. टेबलावर अकरा अर्ज पडले होते. एकेक उघडून, एकेक तपासून, तिनं सह्या केल्या. बारा वाजायच्या आत टेबल रिकामं झालं. शिपायानं दोन चहा आणून ठेवले, धर्मेंद्र यायचा तेव्हा लागलेल्या सवयीनं. ज्योत्स्नानं एक परत पाठवला.