पुन्हा पहिल्या शब्दापासून

मियाओ रुइझी जिना चढून आली तेव्हा ओउयांग बाई मुळ्याची तळलेली करंजी खात होत्या आणि काओ दायोंग ताटलीतल्या दुसऱ्या करंजीवर डोळा ठेवून बसला होता. बाईंचं लक्ष दाराकडे गेलंय असं बघून त्याने हात घातला. करंजी कढईतून नुकतीच आलेली. चटका बसताच त्याने लहानपणीच्या सवयीने झटकन कानाची पाळी धरली.

"हावरटपणाची शिक्षा," बाई न बघताच म्हणाल्या. मग पाहुणीला म्हणाल्या, "बस, पोरी. रडून आली आहेस की रडायची आहेस?"

"रडून झालंय," मियाओ म्हणाली. "बाई, उद्या माझा पेपर आहे आणि आज मला चोर ठरवलंय."

चीनमधल्या यीचांग शहरात खाजगी गुप्तहेर असा बोर्ड कायद्याने लावता येत नाही, म्हणून ओउयांग बाईंच्या दारावर 'कौटुंबिक सल्ला केंद्र' असं लिहिलेलं होतं. उभा जन्म त्यांनी कोर्टात साक्षी लिहून घेण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर त्या घरबसल्या लोकांच्या भानगडी निस्तरत. काओ हा त्यांचा शेजारी. बस चालवून निवृत्त झालेला, आणि बाईंच्या मते अजूनही दुसऱ्या गिअरच्या वर न जाणारा.

मियाओ नदीकाठच्या इस्पितळात नर्स होती. नोकरी सांभाळून पदवीचे सगळे विषय तिने सोडवले होते, फक्त इंग्रजी राहिलं होतं. इंग्रजी सुटल्याशिवाय पदवी नाही, पदवीशिवाय मुख्य परिचारिका होता येत नाही. दर वेळी थोडक्यात हुकायचं. आता तिची मुदत संपत आली होती. उद्या बसू दिलं नाही, तर सगळी वर्षं पाण्यात.

"सकाळी आमच्या वर्गाच्या गंग सरांच्या खोलीत कुणीतरी प्रश्नपत्रिकेचं पाकीट उघडायचा प्रयत्न केला," ती म्हणाली. "तिथे माझा थर्मास सापडला. सर म्हणतात, संध्याकाळपर्यंत दुसरा कुणी सापडला नाही तर माझं नाव कापणार."

"आणि तू कुठे होतीस?"

"मागच्या जिन्याखाली शब्द पाठ करत होते. पण मनातल्या मनात. वॉर्डात पेशंट झोपलेले असतात ना, मला ओठ न हलवता वाचायची सवय लागलीय. बाकीचे सगळे बागेत मोठ्याने वाचत होते. त्यांचे आवाज सगळ्यांनी ऐकले. माझा कुणीच ऐकला नाही."

बाईंनी आपली उरलेली करंजी काओच्या हातात दिली आणि चपला शोधायला लागल्या.

*

प्रौढांचे वर्ग बस डेपोसमोरच्या जुन्या इमारतीत भरत. गंग सर म्हणजे तिथले संचालक, शिक्षक आणि परीक्षाप्रमुख, सगळं एकच. माणूस सज्जन होता, पण सकाळपासून त्याचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता.

"खोलीला कुलूप नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"मी नूडल्स खायला खाली गेलो होतो," सर ओशाळून म्हणाले. "म्हटलं, सगळे बागेत आहेत, कोण येतंय! दुकानात गर्दी होती म्हणून तसाच परत आलो. बघतो तर पाकिटावरची मोहोर मारलेली कागदी पट्टी ओली होऊन अर्धी सुटलेली. शेजारी मियाओचा थर्मास, झाकण उघडं, त्यातून वाफ येतेय."

"म्हणजे पट्टी वाफेवर धरून सोडवत होते. आतले कागद?"

"आतच होते. तरी ते पाकीट मी बाद केलं. दुसरं पाकीट बँकेत ठेवलेलं आहे, पेपर होईल."

बाईंनी खिडकी उघडली. डेपोतून एकामागून एक बस बाहेर पडत होत्या, भोंगे वाजत होते. सर पुढे काय बोलले ते काओला ऐकूच आलं नाही. बाईंनी खिडकी लावून घेतली.

"बाग कुठल्या बाजूला?"

"मागच्या. इथून बागेचं काही दिसत नाही, ऐकू येत नाही."

"आणि पाण्याचा बंब कधी पेटवता?"

"वाचन संपल्यावर. आधी पेटवला तर लोक पुस्तकं सोडून चहाच करत बसतात."

"मग पहाटे वर्गात एवढे थर्मास कसे?"

"जागा धरायला!" सर म्हणाले. "बाकावर थर्मास ठेवला की ती जागा त्याची. बहुतेकांच्या थर्मासात रात्रीचं गार पाणी असतं. मियाओ तेवढी इस्पितळातून भरून आणते, थेट ड्यूटीवरून येते ना."

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळे तिच्याकडेच पाणी मागतात."

बाईंनी फक्त मान हलवली. काओला त्यात मान हलवण्यासारखं काही दिसलं नाही.

*

बागेत डाळिंबाच्या झाडाखाली लियान बसली होती. ती बालवाडीत शिकवायची. प्रश्न एक विचारावा आणि उत्तरं चार घ्यावीत अशी बाई.

"आमच्या जागा ठरलेल्या आहेत हो. मी इथे. वर्गप्रमुख दुआनदादा त्या बांबूच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. दिसत नाही, पण घसा असा की नदीपलीकडे ऐकू जावा."

"आज ऐकू आला?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत! 'अबँडन'पासून सुरुवात केली."

"म्हणजे काय?" काओने विचारलं.

"सोडून देणे. शब्दांच्या पुस्तकातला पहिला शब्द. या देशात इंग्रजी शिकायला बसलेल्या प्रत्येकाला दुसरं काही येवो न येवो, हा येतो." तिने आपलं पुस्तक पुढे केलं. पहिली काही पानं हाताळून काळी पडली होती, पुढची कोरी करकरीत. "बघा माझी अब्रू! 'बी'पर्यंत पोचतो न पोचतो तोच घरात कुणी आजारी पडतं, कामावर जादा पाळी लागते. खंड पडतो, मग लाज वाटते, मग पुन्हा पहिल्या शब्दापासून."

"सोडून देणे या शब्दापासून सुरू करून सोडून द्यायचं," काओ म्हणाला. त्याला ते फार आवडलं.

"दुआनदादाचं तर आज हसूच आलं. खों खों करून घसा साफ केला आणि 'अबँडन'. बऱ्याच वेळाने परत तस्संच खों खों, आणि परत 'अबँडन'! म्हटलं, उद्या पेपर आणि वर्गप्रमुख अजून दारातच."

"तस्संच?" बाईंनी विचारलं.

"अगदी तस्संच. वर्गात नक्कल करून दाखवणार होते, पण मग हे चोरीचं निघालं आणि कुणाला काही बोलायचं सुचलंच नाही. त्यात त्या नाचणाऱ्या मावश्या! रोज सकाळी व्यायाम म्हणून घाटावर नाचतात. आज घाट दुरुस्तीला काढला म्हणून स्पीकर घेऊन आमच्या बागेत. आम्ही सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. माझा घसा बसला, ऐकताय ना?"

"दुआनचा नाही बसला?"

"त्याचा आवाज तर गाण्यात बुडूनच गेला. स्पीकर थांबला तेव्हा परत वर आला."

बाई बांबूंच्या मागे जाऊन आल्या. तिथे एक दगडी ओटा होता, भिंत होती, आणि भिंतीत रस्त्याकडे उघडणारं छोटं दार. बाईंनी ते ढकललं. ते मुकाट्याने उघडलं.

*

दुआन खाइमिंग बंदरावर मुकादम होता. रुंद खांद्यांचा, गोड बोलणारा. वर्गातल्या कुणाचं मूल आजारी असलं तरी औषध आणायला हाच धावायचा. त्याने वर्गातच पाहुण्यांना चहा ओतला, डाव्या हाताने, जरा सांडत. उजव्या हाताची बोटं कानाच्या पाळीशी चाळा करत होती. काओला वाटलं, एवढा दांडगा माणूस, पण लाजतोय बिचारा.

"मियाओताई असं करणार नाही हो," दुआन म्हणाला. "पण थर्मास तिचा निघाला, सरांचा तरी काय इलाज?"

"तुम्हालाही उद्या पेपर आहे ना?"

"आहे. माझीही शेवटचीच संधी." तो हसला, पण हसू ओठांपलीकडे गेलं नाही. "माझी पोरगी वुहानला शिकते. या उन्हाळ्यात तिला पदवी मिळते. तिला सांगून बसलोय, दोघं एकाच उन्हाळ्यात टोपी घालून फोटो काढू."

"तयारी झाली?"

"आज सकाळी पहिल्यापासून उजळणी केली. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाग जशी हवी तशी होती. शांत. मन लावून वाचता आलं."

बाईंनी चहा संपवला. "चहा छान होता," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

जिन्यात काओने त्यांना गाठलं. "बाई, हा तर बागेत होता. मग राहिलं कोण? लियानसुद्धा बागेतच. म्हणजे मियाओच की! किंवा गंग सर स्वतः!"

"अहो काओ," बाई म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर बस चालवलीत. मागून भोंगा वाजला की मागे गाडी आहे असं समजायचात ना?"

"अर्थात."

"तेच तुमचं चुकतं. भोंगा वाजला म्हणजे भोंगा आहे, एवढंच कळतं."

*

दुपारी सगळा वर्ग बाकांवर बसला होता. पुढच्या बाकावर मियाओ. तिच्या हातात पुस्तक होतं, पण पान उलटत नव्हतं. काओ दाराशी उभा होता.

"आधी थर्मासाचं," बाई म्हणाल्या. "चोराला वाफ हवी होती. बंब पेटलेला नव्हता. बाकांवर थर्मास पुष्कळ होते, पण आत गार पाणी. उकळतं पाणी एकाच थर्मासात होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे चोर कुणीही असता तरी टेबलावर मियाओचाच थर्मास सापडला असता. त्यावरून ती चोर ठरत नाही."

"पण तिचा आवाज..." गंग सरांनी सुरुवात केली.

"तेच सांगते. तुमच्याकडे ज्याचा आवाज तो हजर. ज्याचा नाही तो गायब. मियाओ इमारतीतच होती, पण तिचा आवाज नव्हता. मी विचार केला, याच्या उलट कुणाचं झालं असेल? आवाज बागेत आणि माणूस दुसरीकडे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"एक आवाज दोनदा 'अबँडन'पासून सुरू झाला. दोन्ही वेळा आधी तोच खोकला. फोनवर वाचन रेकॉर्ड करून ठेवलं, ते संपलं की आपोआप पहिल्यापासून वाजतं. दुसऱ्या कुठल्या देशात शेजारीण उठून बघायला गेली असती, हे काय चाललंय म्हणून. इथे कुणी मानही वळवली नाही, कारण तुमच्यातला प्रत्येकजण तिथेच परत येतो. चोराने याचाच आधार घेतला."

लियानने तोंडावर हात ठेवला.

"मग मावश्या आल्या. सगळ्यांनी आवाज चढवला. एकाने नाही. माणूस असता तर ओरडला असता किंवा वैतागून थांबला असता. हा आवाज गाण्याखाली तसाच चालू राहिला. आणि त्या आवाजाच्या मालकाने मला काय सांगितलं? आज बाग फार शांत होती. मावश्या आल्याचं त्याला माहीतच नव्हतं. कसं असणार? तो बांबूमागच्या दारातून वळसा घालून सरांच्या खोलीत गेला होता, आणि तिथे डेपोच्या भोंग्यांपुढे मागच्या बागेतलं काही ऐकू येत नाही. चोरीच्या गोंधळात मावश्यांचं नाव कुणी नंतरही काढलं नाही. सर लवकर परत आले, त्यांची पावलं ऐकून तो पळाला. थर्मास उचलायलाही वेळ मिळाला नाही."

दुआनचा हात परत कानाकडे जात होता. तो मध्येच थांबला.

"बोट भाजलं की आपल्या सगळ्यांच्या आया काय सांगतात? कान धर," बाई हळूच म्हणाल्या. "दुआन, उजवा हात दाखव बघू."

त्याने हात पुढे केला. दोन बोटांवर लाल फोड आले होते. कुणीतरी मागच्या बाकावर "दादा, तू?" असं म्हणालं, आणि ते काओला चोरीपेक्षाही वाईट वाटलं.

"एकही प्रश्न बघायला मिळाला नाही," दुआन खाली बघत म्हणाला. "पट्टीच सुटेना. कुणाला अडकवायचं माझ्या मनातही नव्हतं. गरम पाण्याचा कुठलाही थर्मास चालला असता..."

"सकाळी नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण सर तिचं नाव घेत होते तेव्हा तू तिथेच उभा होतास. चहा पाजलास तेव्हाही तुला ते माहीत होतं. पट्टी सोडवायला गेलास त्याचं मला तुझ्या पोरीकडे बघून वाईट तरी वाटलं असतं. या गप्प बसण्याचं काय करू?"

गंग सरांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि मियाओकडे वळून म्हणाले, "तुझं नाव आहे तसंच राहील. मला माफ कर. दुआन, तू उद्या येऊ नकोस."

बाकं सरकली. लोक त्याच्याकडे न बघता बाहेर पडायला लागले. तो मात्र मियाओच्या बाकाशी येऊन उभा राहिला.

"ताई, मी... तुझी वर्षं..."

मियाओने वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा रागाने लाल झाला होता. काओला वाटलं, आता ही एक लगावणार. लगावली असती तर त्यालाही बरं वाटलं असतं.

"दादा," ती म्हणाली, "पोरीला आजच फोन कर. दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस. आणि तुला माफ करायचं की नाही, ते मी उद्या पेपर झाल्यावर बघेन. आज मला वेळ नाही."

आणि तिने पान उलटलं.