पेला पुढे करायचा मान

लुद्विका औषधाच्या दुकानाच्या काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होती. बाँब पडले तर काच उडू नये, म्हणून तसा हुकूमच होता. ऑगस्टचं ऊन असं, की खळ बोटांवरच वाळत होती.

"बाई, माझ्या पोटावर पाय देताय," मागून कोणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. उंच, उन्हाने रापलेला तरुण.

"मी झेनॉन. काचा बसवतो. तुम्ही त्या अशा वाचवल्यात तर मी खायचं काय?"

"मग जर्मनांना सांगा, लवकर या म्हणावं."

"सांगतो. पण आधी तुमची ही वाकडी पट्टी सरळ करतो."

ती पट्टी सरळ करायला तो दोन आठवडे रोज येत राहिला.

वार्ता नदीकाठच्या त्या गावात तरुण माणसंही एकमेकांना अहो-जाहोच करत. 'तू' म्हणायचं, तर हातात हात अडकवून एकेक पेला प्यायचा, गालाला ओठ टेकवायचे. आणि पेला पुढे करायचा मान बाईचा.

"लुद्विकाबाई, चेरीची दारू मी कधीच आणून दिलीय," तो म्हणे.

"घाई कसली, झेनॉनराव?"

"मला नाही… घशाला आहे."

ती हसे, आणि मान खाली घालून गोळ्या मोजायला लागे. मोजणी चुके.

मंगळवारी दुपारी भिंतींवर पत्रकं लागली. राखीव सैनिकांनी ताबडतोब हजर व्हावं. झेनॉन पिशवी खांद्याला लावूनच दुकानात आला. लुद्विकाने आतून दोन पेले आणले. बाटलीचं बूच निघता निघेना – तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. पोलीस पत्रकं खरवडून काढत होता. हुकूम रद्द.

लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. तिलाही हसू फुटलं. तिने पेले पुसून ठेवून दिले.

"मग रविवारी," ती म्हणाली. "घरी या. बाबांसमोर, नीट."

तो पेल्यांकडे पाहत राहिला. "रविवारी," म्हणाला. "इतकं थांबलो, आता पाच दिवसांचं काय."

बुधवारी तीच पत्रकं पुन्हा लागली. लुद्विका तेव्हा मावशीच्या गावी होती, रविवारच्या केकसाठी आलुबुखार आणायला. गुरुवारी टोपली घेऊन परतली, तोवर सैनिकांची गाडी गेली होती.

शुक्रवारी पहाटे जर्मन विमानं आली. दुकानाची काच पट्ट्यांसकट रस्त्यावर पडली.

ऑक्टोबरात एक लंगडा माणूस तिला शोधत आला. झेनॉनच्या तुकडीतला. चार सप्टेंबरला नदीच्या बांधावर झेनॉनला गोळी लागली, तेव्हा हा त्याच्या शेजारीच होता. त्याने एक कार्ड पुढे केलं.

'आदरणीय लुद्विकाबाई, रविवारी यायला जमेलसं दिसत नाही. आपण रागावू नये, ही विनंती…'

"तीनदा लिहिलं हे," तो माणूस म्हणाला. "दोनदा 'तू' लिहिलं, अन् फाडलं. मी म्हटलं, अरे, इथे कोण बघतंय? तर म्हणाला, बाईंनी अजून पेला दिलेला नाही."

लुद्विकाने त्याला बसायला स्टूल दिलं. कार्ड हातातच होतं. तिने विचारलं,

"झेनॉन… जेवला होता का त्या दिवशी?"

"हो," तो म्हणाला. "बटाटे होते. गरम होते."