चोरचोळी

मगदुमांच्या घरी चोरचोळी आली, तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हे खुद्द ईश्वरीलाच ठाऊक नव्हतं.

पूर्वी ही रीत मोठी गोड होती. पहिले तीन महिने बातमी चार भिंतींत ठेवायची आणि मग घरातल्या बायकांनी त्या मुलीला गुपचूप हिरवी चोळी द्यायची. गुपचूप द्यायची म्हणून चोरचोळी. आरोग्य खात्याला या रीतीचा एकाएकी पुळका आला आणि ते ती टपालानं पाठवू लागलं. सरकारी उत्साहच असा, की गुपितसुद्धा वाजतगाजत पोचतं. ईश्वरीच्या सासूबाईंनी पुडकं उघडलं, देवापुढे नारळ फोडला, शेजारीपाजारी पेढे वाटले आणि मग कुठे सुनेला हाक मारली.

खात्याला ही बातमी दिली होती ईश्वरीच्या अंगातल्या चोळीनं.

अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक बाईला तेव्हा 'जागती चोळी' मिळत असे. दिसायला साधी, सुती, आतून घालायची. पण तिच्या विणीत जाणधागा असे. हा धागा छातीतून अतिशय क्षीण वीज सोडी, मुंगीलाही जाणवू नये इतकी. चरबी, रक्त, गाठ, प्रत्येकातून वीज वेगळ्या चालीनं जाते आणि ती चाल धागा दिवसभर टिपत राही. बदल एकाच बाजूला, एकाच जागी दिसला की गाठीचा संशय. बोटांना लागायच्या कितीतरी आधी, ज्वारीच्या दाण्याएवढी असतानाच ती सापडे. इचलकरंजीत छातीच्या कर्करोगानं बाई गेली, असं आता क्वचितच कानावर येई.

पण गर्भ राहिला की दूध करणाऱ्या ग्रंथी वाढू लागतात, रक्त वाढतं आणि दोन्ही बाजूंची चाल हळूहळू बदलते. तेही धाग्याला कळे. पाळी चुकते न चुकते तोच कळे.

"ताई, एक लेक अजून मांडीवर हाय," ईश्वरी म्हणाली. "मला आत्ता दुसरं नको. गुपचूप दवाखान्यात जाऊन आले असते. कायद्यानं निर्णय माझा हाय, तुम्हीच शिकवलंत. पण आमच्या घरात आठ माणसं हायत आणि त्यात कायदा कुणीच न्हाई."

महिला मंडळ चालवणाऱ्या प्राजक्ताताई चौगुले ऐकत होत्या आणि आतून जळत होत्या. बाईच्या पोटावर बाईचाच हक्क, यासाठी त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. जागती चोळी गरिबाघरच्या बाईलाही मिळावी म्हणून मोर्चे काढणाऱ्याही त्याच.

त्या ईश्वरीसोबत दवाखान्यात गेल्या आणि दारात सासूबाईंचे शिव्याशाप ऐकून घेऊन तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. ईश्वरीच्या मनाप्रमाणे झालं. त्यानंतर महिनाभर घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. मग एके दिवशी तिनं आपली जागती चोळी ताईंच्या टेबलावर आणून ठेवली.

"ही मी परत अंगाला लावायची न्हाई."

"अगं, तुझी आई कशानं गेली?"

"ठाऊक हाय ताई. म्हणून तर रडाय येतंय."

प्राजक्ताताई तडक कोल्हापूरला, डॉ. ऋजुता देवधरांच्या प्रयोगशाळेत पोचल्या. जाणधागा त्यांचाच.

"डॉक्टर, त्या धाग्याला सांगा, गर्भाकडे बघू नकोस."

"नाही जमत, ताई. भाजी निवडणाऱ्याला गवत ओळखता येत नसेल तर? गर्भ ओळखू शकला नाही, तर धागा एकतर गरोदर बाईला गाठ आहे म्हणेल, नाहीतर गाठीला गर्भ समजून सोडून देईल."

"मग ओळखू दे. पण फक्त तिला सांगा, घरी नको."

"चोळीशी जोडलेल्या घरच्या पडद्यावर रोज 'ठीक' उमटतं. गर्भ राहिला की छातीत सारखे बदल होतात, तेव्हा धागा काही आठवडे गाठीची खात्री देऊ शकत नाही. म्हणजे 'ठीक' येणार नाही. ओळीनं चार दिवस 'ठीक' आलं नाही, की सासूला कळायला डॉक्टर लागतो का?"

"मग पडदाच बंद करा."

"घरी कळलंच पाहिजे, ही अट तुमची होती."

खरंच होतं ते. बायका गाठ लपवत. लग्न उरकू दे, दिवाळी होऊ दे, पोरीची परीक्षा होऊ दे. ईश्वरीची आईही त्यातलीच. म्हणून प्राजक्ताताई हट्टाला पेटल्या होत्या, की बाई स्वतःकडे बघत नाही ना, मग घराला बघायला लावा.

"आम्ही दोन तालुक्यांत घरी न कळवता पाहिलं," ऋजुता म्हणाल्या. "गाठी सापडल्या, पण निम्म्या बायका दवाखान्यात आल्याच नाहीत. पडदा बंद केला तर त्या मरतील."

"आणि चालू ठेवला तर?"

"जगतील."

"कुणाच्या मर्जीनं?"

प्राजक्ताताई परतल्या त्या मनाशी काहीतरी ठरवूनच.

चोळी तीन दिवस अंगात नसली की आरोग्यसेविका दारात हजर होई, त्यामुळे ती काढून फेकायची सोय नव्हती. पण धागे तुटत आणि चोळ्या दुरुस्तीला येत त्या प्राजक्ताताईंच्याच महिला मंडळात. तिथे एक टोपली ठेवली गेली. नको असलेलीनं आपली चोळी टोपलीत टाकायची आणि पाळी गेलेल्या एखाद्या बाईनं ती उचलून घालायची. वयस्कर बायकांना योजनेत चोळी नव्हतीच. धाग्याला अंग हवं, कुणाचं ते त्याला कळत नाही. मूळ मालकिणीचं नाव चोळीच्या आतल्या पट्टीवर असे, ते फक्त घालणारीलाच दिसे. नियम एकच होता, कुणी कुणाला विचारायचं नाही. ठाऊकच नसलं तर दबावाखालीही नाव तोंडून निघत नाही, हे प्राजक्ताताई चळवळीत शिकल्या होत्या.

टोपली भरू लागली आणि रिकामी होऊ लागली. बायका चोळ्या मावशीला, नणंदेला, पार खेड्यापर्यंत नेऊ लागल्या. सगळ्या घरी रोज 'ठीक' उमटत होतं आणि तरण्या पोरी कितीतरी वर्षांनी मोकळा श्वास घेत होत्या.

अशात एका सकाळी मगदुमांचा पडदा लाल झाला. ईश्वरी, डावी बाजू, ताबडतोब तपासणी.

सासूबाईंचं धाबं दणाणलं. रागावलेल्या का असेना, पण त्यांनीच सुनेला हाताला धरून दवाखान्यात नेलं. तपासणीत काहीच निघालं नाही. यंत्राची चूक, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुपारी ऋजुतांचा फोन आला. "ताई, धागा चुकत नाही. ती गाठ कुणाच्या तरी छातीत आहे. कुणाच्या?"

प्राजक्ताताईंनी टोपलीतल्या चोळ्या नेणाऱ्या बायकांमार्फत त्या घालणाऱ्या साऱ्याजणींना निरोप धाडले. संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला. पन्नाशीच्या, साठीच्या बायका, पदर घट्ट लपेटून बसलेल्या.

"तुमच्यातल्या कुणालातरी गाठ आहे," ताई म्हणाल्या. "लहान आहे, बरी होईल. कुणाकडे कुणाची चोळी आहे ते मला ठाऊक नाही. म्हणून उद्या सगळ्याच तपासायला चला."

"इतक्या जणी एकदम गेलो तर कळंल की वो," पुढची एक म्हणाली. "ईश्वरीच्या चोळीनं बोंब मारली आणि तपासाय म्हाताऱ्या आल्या. मग पोरींची घरं गप बसतील व्हय?"

"माझ्याच शेजारची पोर उद्या गुपचूप दवाखान्यात जायची हाय," दुसरी खालच्या आवाजात म्हणाली.

"तरी चला," प्राजक्ताताई म्हणाल्या. "हात जोडते. नाहीतर जिच्या अंगात ईश्वरीची चोळी आहे तिनं एकटीनं यावं, मी कुणाला सांगणार नाही."

मग मागून, भिंतीकडून, एक शांत आवाज आला.

"आमचं आता वय झालं, ताई. पोरींचं राहू द्या."

प्राजक्ताताई धावतच मागे गेल्या. तिथल्या साऱ्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या आणि कोण बोललं ते कुणी सांगेना. त्यांनीच घातलेला नियम होता, तो बायकांनी निष्ठेनं पाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मगदुमांच्या पडद्यावर 'ठीक' उमटलं. रात्रीतून चोळीनं अंग बदललं होतं. सासूबाईंनी देवाला साखर ठेवली.