बसलेले बारा बॉल

चार वाजता कोचनी बॅग उघडली. आत बारा बॉल, शेकायच्या रिकाम्या पिशव्यांसारखे चपटे.

मुलींच्या फुटबॉल टीमचं कौटुंबिक संमेलन होतं. आता पालक विरुद्ध मुली असा सामना व्हायचा होता. आया-बाबा बूट बांधून तयार, आज्या खुर्च्यांवर बसलेल्या. आणि हवा भरायचा पंपही गायब.

"दोनपासून बॅग कोणाकडे होती?" कोचनी विचारलं.

सगळ्यांनी गोलकीपरकडे बघितलं. वय अकरा. टीम तिला 'भिंत' म्हणते.

"पालकांकडून गोल खायला नको म्हणून हवा काढलीस. पुढच्या रविवारी फायनलला तू बाहेर," कोचनी जाहीर केलं.

भिंत आईमागे जाऊन उभी राहिली.

तिची आई विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासते. आठवडाभर लोकांच्या थापा ऐकायच्या आणि सुट्टीच्या दिवशीही तेच. "दहा मिनिटं द्या मला," ती वैतागून म्हणाली.

हसरा चेहरा एकच होता. राज्य पातळीवर खेळल्याचं वर्षभर सांगणारे एक बाबा.

"सामना अडला म्हणून खूश दिसताय," आई त्यांना म्हणाली.

"छे हो. मी राज्य पातळीवर खेळलोय."

"कधी?"

"म्हणजे खेळणार होतो. गुडघा आडवा आला."

"बॅगेला हात लावलात?"

"बूट बायकोने बांधून दिलेत. वाकतोय कुठला?"

कोच तर आधीच तापलेले. "ताई, बॅग गाडीतून काढली ती थेट हिच्या हातात दिली. सकाळपासून राबतोय मी. माझ्या एवढ्याशा गाडीतून तीस खुर्च्या आणल्यात, एका फेरीत." हे ते आज सहाव्यांदा सांगत होते.

आई लेकीकडे वळली. "काल बॅग कोणी भरली?"

"मी. चेन लागेना, नेहमीसारखीच. मग सरांनी दोरीने बांधून गाडीत टाकली."

"आज हातात आली तेव्हा?"

"चेन लागलेली होती."

"उघडलीस?"

"नाही. चारपर्यंत उघडायची नाही म्हणाले होते. मी नुसती वर बसले."

"मऊ नाही लागली?"

"लागली ना. म्हटलं, खुर्चीपेक्षा बरंय."

आईने एक उसासा सोडला. "काल न लागलेली चेन आज लागली. म्हणजे हवा हिच्याकडे यायच्या आधीच गेली होती. तोवर बॅग होती कुठे? सरांच्या गाडीत, तीस खुर्च्यांबरोबर. फुगलेले बारा बॉल ठेवले, तर त्या गाडीत खुर्च्या मावतीलच कशा? सर, गाडीची किल्ली दाखवा."

किल्लीच्या कड्यात बॉलची हवा सोडायची सुई लोंबत होती.

"इथे आल्यावर भरणार होतो," कोच पुटपुटले. "पंप घरी राहिला."

"मग तसं सांगायचं."

"एका फेरीचं सगळ्यांना सांगून बसलो होतो हो."

"म्हणून पोरीच्या गळ्यात घातलंत?"

कोच खाली बघत म्हणाले, "फायनलला भिंतच खेळेल."

"मोठ्याने. शेवटच्या आजीला ऐकू जाऊ दे."

कोच मोठ्याने म्हणाले. मग पंप आणायला निघाले, तसा राज्य पातळीवरचा गुडघा दुखायला लागला.

"सर," भिंतीने मागून हाक मारली, "खुर्च्या नेताना खुशाल एकच फेरी करा. बॉल मी घरी नेते."