पातेल्याचा डाग

"पॉलिश पेपर? टेबल काय सोलून खायचंय?"

हार्डवेअरच्या दुकानात टेबलावरच्या डागासाठी पॉलिश पेपर मागणाऱ्या कौसरने चमकून मागे पाहिलं. पॉलिशच्या लाखेची, चपड्याची पुडी हातात धरलेला एक उंच, सावळा माणूस तिच्याकडे बघून हसत होता. आगाऊ कुठला! पण हसणं मात्र... जाऊ दे.

"डाग पांढरा की काळा?" त्याने विचारलं.

"पांढरा. गोल."

"मग वरच्यावर आहे, लाकडात नाही उतरला. मी मुसा, फर्निचरला पॉलिश करतो. उद्या येऊन बघतो."

मांडवीच्या समुद्राकाठच्या घरात कौसर एकटी. अब्बा गेले, भाऊ फैझान बायकोमुलांना घेऊन मुंब्र्याला. मागे राहिलं ते अब्बांचं आठ खुर्च्यांचं सागवानी टेबल. त्यावर प्लास्टिक पसरून ती आपली स्वयंपाकघरात खाली बसून जेवायची. आठ खुर्च्यांत एकटीने बसायचं म्हणजे घर अंगावर येतं हो!

दुसऱ्या दिवशी मुसा आला. शेजारच्या बिल्किसखाला तांदूळ निवडायचं सूप घेऊन दारातच ठाण मांडून बसल्या. तरणी पोर घरात एकटी, मग खालांना चैन पडेल होय!

मुसाने डागावरून बोट फिरवलं. "मोठं पातेलं होतं. भरलेलं. रिकामं इतका वेळ गरम राहत नाही. आणि कोणी ते उचललंच नाही."

कौसरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ईदला सगळे येणार म्हणून तिने प्लास्टिक काढलं होतं, पातेलंभर बिर्याणी केली होती. घाईत खाली काही ठेवायचं राहिलं. तेवढ्यात फैझानचा फोन आला, यंदा जमत नाही गो म्हणून. मग ती तशीच बसून राहिली, पातेलं निवेपर्यंत.

हे सगळं ती त्या परक्या माणसाला सांगून बसली. का, ते तिचं तिलाच कळेना.

 मुसाने वस्त्रगाळ राख खोबरेल तेलात कालवली, मऊ फडक्यावर घेतली आणि लाकडाच्या रेषांवरून हळूहळू घासू लागला.

"जोरात घासा की," कौसर म्हणाली. "अशाने दिवस मावळेल."

"जोर केला तर पॉलिश उडेल. आणि दिवस... मावळू दे की."

दारात खाला खोकल्या.

काम चांगलं लांबलं. रोज तो यायचा, रोज चहा व्हायचा, रोज खाला खोकायच्या. आणि एके दिवशी डाग गेला.

"शुक्रवारी निघतोय," फडकी आवरताना मुसा म्हणाला. "दोहाचा व्हिसा आलाय. दोन वर्षं."

"बरं झालं," कौसर म्हणाली. बरं कसलं, कपाळ! तो त्या दिवशी गेला आणि टेबल असं चकचकीत झालेलं की वाकून पाहिलं तर त्यात तिचंच एकटं तोंड दिसे. हा दोहाला गेला की परत तेच स्वयंपाकघर, तेच एक ताट. तिला रडूच फुटलं.

गुरुवारी तिने त्या हार्डवेअरच्या दुकानात फोन केला. "मुसांना सांगा, परत डाग पडलाय."

तो धावत आला. पाहतो तर उघड्या लाकडावर वाफाळतं पातेलं!

"अहो, उचला ते आधी!"

"नाही उचलणार." तिने दोन ताटं मांडली. "मला दुसरं निमित्त सुचलं नाही. तुम्ही गेल्यावर मला... मला नाही करमणार. जेवून जा."

दारातलं खालांचं सूप थांबलं. मुसाने तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसला.

"निमित्त मीही काढलं," तो हळूच म्हणाला. "पहिला डाग एका सकाळीत जाणारा होता."

जेवणं झाली. पातेलं उचललं तर खाली पांढराशुभ्र गोल. सवयीने त्याचा हात फडक्याकडे गेला... आणि थांबला.

"हा राहू दे. आल्यावर मीच काढेन. तोवर... थांबशील?"

"कुणाला हात लावू देणार नाही," कौसर म्हणाली. खाला या वेळी खोकल्या नाहीत.

मुसा गेला. घर पुन्हा सुनं झालं, संध्याकाळी समुद्राची गाज तेवढी सोबतीला. पण कौसरने प्लास्टिक पुन्हा घातलं नाही. ती टेबलावर जेवते, डागाशेजारी, आणि बाजूची खुर्ची रोज पुसून ठेवते.

परवा खाला आल्या. "अगो, किती दिवस ठेवणार हा डाग? राख आणू? लगेच जाईल."

कौसरने डागावर हात ठेवला.

"नको, खाला. तो काढणारा येणार आहे."