पाठ फिरवून बस

"लॅपटॉपवर लिनक्सच्या पेंग्विनचा स्टिकर लावलाय, म्हणजे ते येत असणारच तुम्हाला. हा गेम चालवून द्या बघू!"

इंडोनेशियातल्या जोगजा शहरात, एका कॉफीच्या दुकानात वेनिंग अशी थेट एका अनोळखी मुलापुढे जाऊन उभी राहिली. हातात जुना लॅपटॉप, त्यात शाळेच्या दिवसांतला लढाईचा गेम. एक खेळी आपली, एक समोरच्याची, सगळं निवांत. पण कुणीतरी लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं आणि गेमने मान टाकली.

मुलगा असा गडबडला की अर्धी कॉफी बशीत! "अं... बसा ना. मी सेनो."

गेमही महाहट्टी. आधी नुसता काळा पडदा. मग आवाज आला, तर चित्र नाही. रोज दुपारी दोघं त्याच टेबलावर, मध्ये तळलेल्या केळ्यांची बशी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. आणि नेमकी तेव्हाच वेनिंगला दूर बालिकपापानला नोकरी लागली. रविवारचं विमान. ते ऐकून सेनो काय म्हणाला? "अभिनंदन." बस्स! वेनिंगला त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. ओळख काढली ती तिने. आता याने नको का काही बोलायला?

शनिवारी गेम उघडला एकदाचा. पण त्यातल्या सैन्याचे घोडे जागचे हलेनात.

"तुझ्यावरच गेलेत," वेनिंग म्हणाली. "ठोंबे!"

सेनो वाकून बघत राहिला, मग त्याने कपाळावर हात मारला. मोठ्या हौसेने त्यानेच तिचा लॅपटॉप इंडोनेशियन भाषेत करून दिला होता. "अगं, आपल्या इंडोनेशियनमध्ये अर्धा लिहिताना शून्य, स्वल्पविराम, पाच. गेममध्ये स्वल्पविरामाच्या जागी आहे टिंब. टिंब दिसलं की लॅपटॉप वाचायचाच थांबतो. घोड्यांच्या चालीचं झालं शून्य!"

एक ओळ बदलली आणि घोडे उधळले.

लॅपटॉप एक, खेळणारे दोन. म्हणून एकाने खेळताना दुसऱ्याने पाठ फिरवून बसायचं, नकाशा बघायचा नाही. पहिली खेळी वेनिंगची. सेनोने खुर्ची फिरवली. त्याचे कान लाल झाले होते. वेनिंग तेच बघत बसली, माऊसला हातही न लावता.

"झाली खेळी?"

"नाही."

"किती विचार करतेस..."

"तूही कर की थोडा. उद्या चाललेय मी."

सेनोने पाठ फिरवलेलीच ठेवली.

"वेनिंग... तुझ्याकडे बघून मला बोलताच येत नाही. म्हणून असंच सांगतो. तो काळा पडदा होता ना — तो मी पहिल्याच संध्याकाळी घालवू शकलो असतो. मुद्दाम लांबवलं. तू येत राहावीस म्हणून."

"लबाड!"

"हो. आणि... मला तू आवडतेस. फार आवडतेस."

वेनिंगच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने त्याची खुर्ची धरली आणि गर्रकन आपल्याकडे वळवली.

"अगं, नकाशा दिसतोय मला!"

"दिसू दे." तिने त्याचा हात घट्ट धरला. "तिकडून रोज एक खेळी पाठवीन. तूही पाठवायची. आणि खबरदार, डाव लवकर संपवलास तर!"

सेनो आता सरळ तिच्याकडे बघून हसला.

"लांबवायचं माझ्याकडे लागलं."