उठवत नाही

ताई नेहमीच्या मुक्कामाचं ते हॉटेल पुन्हा बघायला आली भर दुपारी. ताई म्हणजे विमान कंपनीतली सगळ्यांत जुनी हवाई सुंदरी. केस पिकायला लागल्यापासून "सुंदरी गेली, हवा राहिली," असं स्वतःच म्हणायची. मुक्कामाच्या हॉटेलांशी अटी ठरवायचं काम कर्मचारी संघटनेनं तिच्यावर सोपवलं होतं. रात्रभर उडून आलेल्या माणसांना दिवसा झोपायचं असतं. म्हणून खोल्या लिफ्टपासून लांब हव्यात, पडदे जाड हवेत, बाहेर बादल्यांची आदळआपट नको.

"दिवसा झोपणारे तुम्ही आणि वटवाघळं," मॅनेजर हसत एकेक अट मान्य करत होता. शेवटच्या अटीवर मात्र अडला.

"उठवायचा फोन उचलला, तरी तुमचा माणूस वर जाईल," ताई म्हणाली, "दार वाजवेल आणि डोळ्यांनी बघेल."

"फोन उचलला म्हणजे माणूस उठला, मॅडम. आता काय मांडीवर घेऊन उठवायचं?"

मागच्या हिवाळ्यात इथेच, तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्यातली सर्वांत लहान मुलगी झोपेत गेली होती. सगळे तिला चिमणी म्हणत. दुपारी फोनवर ती 'उठले' म्हणाली, म्हणून वर कोणी गेलं नाही. विमानतळाची गाडी सुटायची वेळ झाली, तेव्हा दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, ही सकाळीच गेली असणार. मॅनेजर म्हणे, डॉक्टर चुकले. चिमणीच्या आईनं ताईचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "दुसऱ्या कुणाच्या लेकीला तरी कोणी जाऊन बघा गं."

तेवढ्यात कोपऱ्यातून फोनवाले आजोबा बोलले. सगळ्या खोल्यांना उठवायचे फोन तेच करत.

"ताई... ती नुसतं 'उठले' नव्हती म्हणाली. 'उठले आजोबा, पण उठवत नाही,' म्हणाली. ते तर तुम्ही सगळेच म्हणता. मी आपलं नेहमीसारखं म्हटलं, 'उठा बाई, विमान थांबायचं नाही.' आणि ठेवला." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "अजून म्हणते. खोली रिकामी आहे. पण चुकून नंबर लागला ना, तर..."

"यांचं वय झालंय," मॅनेजर म्हणाला.

"मग लावा आत्ता," ताई उठली. "मी वर जाऊन बसते."

चिमणीच्या खोलीत आल्यावर सवयीनं तिनं पडदा ओढला आणि दुपार विझली. बंद गाद्यांचा कुबट वास, त्यात कोल्ड क्रीमचा पुसटसा. फोन वाजला. ताईनं हात मांडीखाली दाबून धरले. घंटी वाजत राहिली... आणि मध्येच तुटली. रिसीव्हर जागच्या जागी होता. पलंगाच्या पलीकडून कोणीतरी दमून श्वास सोडल्यासारखं वाटलं.

"चिमणे...?"

भीती वाटायला हवी होती. ताईला रडू आलं.

खाली आली तेव्हा रिसीव्हर मॅनेजरच्या हातात होता. आजोबांच्या हातातून त्यानं तो हिसकावून घेतला असावा. चेहरा पांढराफटक.

"वर तुम्ही बोललात ना, मॅडम?"

"मी हातही लावला नाही."

त्यानं रिसीव्हर हळूच खाली ठेवला, जणू कोणी जागं होईल. "लिहा ती अट," म्हणाला.

नियम लागू झाल्यावर ताई तिथे पहिल्यांदा मुक्कामाला उतरली, ती उन्हाळ्यात. दुपारी फोन आला आणि पाठोपाठ दारावर टकटक. बाहेर आजोबा.

"तुम्ही का आलात? गुडघे दुखतात ना?"

"सगळ्यांना मीच बघतो आता. आधी तिचं दार, मग बाकीच्यांची."

"तिचं दार?" ताईचा हात चौकटीवर गेला. "आजोबा... ती खोली तर रिकामी."

"नियमात कुठे लिहिलंय रिकामी सोडा म्हणून? मी वाजवतो. आतून म्हणते, 'आले.' पहिल्यांदा आवाज पलंगाकडून यायचा. मग खोलीच्या मधून. काल अगदी दाराशी होता." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आज वाजवलं नाहीये अजून. म्हटलं, तुम्ही आहात, तर... माझ्या एकट्याच्यानं नाही व्हायचं."

ताईनं चपला सरकवल्या. केस नीट केले, का ते तिलाही कळलं नाही. दोघं त्या दारापुढे उभी राहिली. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं, पोरं खेळत होती.

आजोबांनी हात उचलला. तो दारावर पडायच्या आत आतून कडी सरकली... हळू, अर्धवट झोपेतल्या माणसानं काढावी तशी.